निष्क्रिय केलेला विषाणू : त्याच्या जनुकांचे कार्य आणि पेशीचा प्रतिसाद

चिकित्सालयात येणारे रुग्ण आता औषधाइतकेच लसीविषयीही प्रश्न विचारतात. २०२० च्या कोविड साथीपासून हे प्रमाण विशेष वाढले आहे. ही लस जिवंत विषाणूची की मेलेल्या? मेलेल्या विषाणूची असेल तर तिने ताप का येतो? लसीतील जनुके शरीरात राहून काही उत्पात तर करणार नाहीत ना? या प्रश्नांना उत्तर देण्याची जबाबदारी वैद्य म्हणून आपल्यावर येते. दुसरीकडे, आपल्यातील औषधनिर्मात्या बंधूंकडे प्रयोगशाळांचे अहवाल येतात आणि त्यांत अमुक काढ्याने वा अर्काने तमुक विषाणू ‘निष्क्रिय’ झाल्याचे लिहिलेले असते. वेष्टनावर व माहितीपत्रकात तो शब्द जसाच्या तसा उतरतो. दोन्ही ठिकाणी शब्द एकच असला तरी त्याचा अर्थ मात्र प्रत्येक ठिकाणी तपासून घ्यावा लागतो.

प्रस्तुत लेखात आम्ही एवढेच स्पष्ट करू इच्छितो, की निष्क्रियता ही एकच एक अवस्था नव्हे. विषाणूची वृद्धी, त्याच्या जनुकांचे कार्य आणि पेशीशी होणारा त्याचा संबंध या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्यांपैकी एक थांबली म्हणजे उरलेल्या दोन थांबल्याच, असे गृहीत धरता येत नाही. कोणत्या उपायाने विषाणूच्या कोणत्या भागावर आघात झाला, यावर पुढचे सर्व अवलंबून असते.

विषाणूची रचना व जनुकांचा आविष्कार

विषाणूला स्वतःचा अग्नी नाही, असे आपल्या परिभाषेत म्हणता येईल. पचन, पोषण, ऊर्जानिर्मिती यांपैकी कोणतेही कार्य तो स्वतः करीत नाही. डीएनए किंवा आरएनए या केंद्रकाम्लाचा एक धागा आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच, एवढेच त्याचे शरीर असते. इन्फ्लुएन्झा, अलर्क, नागीण, कोरोना यांसारख्या विषाणूंत कवचाबाहेर मेदाचे आणखी एक आवरण असते. पोलिओ, हिपॅटायटिस-ए यांसारख्या विषाणूंत ते नसते. हा भेद पुढे वारंवार उपयोगी पडणार आहे.

विषाणू प्रथम पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहीस चिकटतो, मग आत शिरतो आणि आपले केंद्रकाम्ल मोकळे करतो. त्यावरील जनुके वाचली जाऊन त्यांबरहुकूम प्रथिने तयार होणे, यास जनुकीय आविष्कार म्हणतात. पोलिओच्या विषाणूचे आरएनए सुमारे ७,५०० घटकांचे असून पेशी ते थेट वाचते व त्यापासून एक लांबलचक प्रथिन बनवते. तेच पुढे तुकडे होऊन निरनिराळी कामे करते. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचे आरएनए आठ तुकड्यांत विभागलेले आणि उलट्या लिपीतले असते. पेशीला ते वाचता येत नाही, म्हणून विषाणू आपला वाचक, म्हणजे तत्संबंधी एन्झाइम, बरोबर घेऊन येतो. नागिणीच्या वर्गातील हर्पिस सिम्प्लेक्स हा डीएनए विषाणू सुमारे दीड लाख घटकांचा असतो. त्याच्या कवचाबाहेर काही तयार प्रथिनेही भरलेली असतात. जनुके वाचली जाण्यापूर्वीच ही प्रथिने पेशीत कामास लागतात.

यावरून ध्यानात येईल, की विषाणू पेशीवर दोन मार्गांनी परिणाम करतो. एक म्हणजे बरोबर आणलेल्या तयार पदार्थांनी, आणि दुसरा म्हणजे आत शिरल्यावर जनुकांपासून बनवलेल्या नव्या पदार्थांनी. निष्क्रियीकरणाचा हेतू दुसरा मार्ग बंद करण्याचा असतो. पहिला मार्ग त्याने बंद होतोच असे नाही, आणि लसीच्या बाबतीत तो पूर्णपणे बंद होणे इष्टही नसते.

निष्क्रियीकरणाचे उपाय आणि त्यांची आघातस्थाने

फॉर्माल्डिहाइड हे सर्वांत जुन्या उपायांपैकी एक होय. ते प्रथिनांतील व केंद्रकाम्लातील अमिनो गटांशी संयोग पावते आणि शेजारच्या रेणूंमध्ये पूल बांधते. त्यामुळे कवच घट्ट जखडले जाते व आतील धागाही वाचनयोग्य राहत नाही. जोनास साल्क यांच्या पोलिओच्या लसीत १ भागास ४,००० या प्रमाणात फॉर्मालिन घालून मिश्रण शरीराच्या तापमानाच्या आसपास सुमारे बारा दिवस ठेवले जाई.

बीटा-प्रोपिओलॅक्टोन हे दुसरे द्रव्य. ते मुख्यत्वे केंद्रकाम्लावर, विशेषतः त्यातील ग्वानिन या घटकावर जडते, मात्र प्रथिनांना ते अजिबात स्पर्श करीत नाही असे नव्हे. पाण्यात काही तासांतच त्याचे विघटन होते, हा त्याचा मोठा लाभ. आजच्या पेशीसंवर्धित अलर्क लसी आणि भारतात तयार झालेली कोव्हॅक्सिन यांत याच द्रव्याचा उपयोग केला गेला.

अतिनील किरण प्रामुख्याने केंद्रकाम्लावर आघात करतात. शेजारच्या दोन घटकांना ते एकमेकांशी जखडून टाकतात आणि तेथे वाचनाचे काम अडते. योग्य मात्रेत पृष्ठभागावरील प्रथिने बरीचशी जशीच्या तशी राहतात. उष्णतेचे कार्य याच्या उलट असते. ती प्रथम प्रथिनांची घडण बिघडवते, केंद्रकाम्ल मात्र पुष्कळदा शाबूत राहते. पोलिओचा विषाणू ५६ अंश सेल्सिअसला तापविल्यास त्याच्या कवचाची ओळखच बदलते. त्या बदललेल्या रूपाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे खऱ्या विषाणूस अडवीत नाहीत. म्हणूनच पोलिओची लस उष्णतेने तयार करता आली नाही.

साबण आणि अल्कोहोल मेदावरण विरघळवितात. मेदावरण गेले की इन्फ्लुएन्झा वा कोरोनाचा विषाणू पेशीत शिरू शकत नाही. मात्र त्याचे आरएनए काही काळ तसेच राहते. त्यामुळे आरटी-पीसीआर चाचणी अशा नमुन्यातही होकारार्थी येऊ शकते. ही चाचणी केंद्रकाम्लाचे अस्तित्व दाखवते, संसर्गक्षमता दाखवीत नाही. पोलिओ व हिपॅटायटिस-ए यांना मेदावरण नसल्यामुळे साधा साबण त्यांना निष्क्रिय करीत नाही आणि अल्कोहोलासही ते बऱ्याच प्रमाणात दाद देत नाहीत. तेथे हात धुण्याचा लाभ होतो तो विषाणू पाण्याबरोबर वाहून गेल्यामुळे.

जनुकांचे कार्य टप्प्याटप्प्याने थांबते

निष्क्रियीकरणाने सर्व जनुके एकाच क्षणी बंद पडतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही, हे गुरांच्या तोंडात फोड आणणाऱ्या व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूवरील प्रयोगांनी दाखवून दिले. या विषाणूच्या सुमारे ११,००० घटकांच्या आरएनए धाग्यावर पाच जनुके एकापुढे एक अशी असतात. १९७६ मध्ये बॉल व व्हाइट यांनी, तसेच स्वतंत्रपणे एब्राहम व बॅनर्जी यांनी या विषाणूस अतिनील किरणांच्या वाढत्या मात्रा देऊन कोणत्या जनुकाचे वाचन केव्हा थांबते हे मोजले.

निष्कर्ष मोठा बोधप्रद होता. अल्प मात्रेत पहिल्या जनुकाचे वाचन जवळजवळ पूर्ववत चालू राहिले, मधल्यांचे क्रमाने घटले आणि शेवटच्या व सर्वांत लांब जनुकाचे सर्वप्रथम थांबले. वाचक एन्झाइम धाग्याच्या एकाच टोकाने आत शिरते आणि वाटेत किरणांची जखम आढळली की तेथेच थांबते, हे त्याचे कारण. पुढचे जनुक स्वतः अबाधित असले तरी त्याच्यापर्यंत कोणी पोहोचतच नाही. या पद्धतीने विषाणूवरील जनुकांचा अनुक्रमही निश्चित करता आला.

वैद्यांसाठी यातील तात्पर्य असे, की शेवटचे जनुक बंद पडले तरी विषाणूची वृद्धी थांबते, कारण त्याविना नवा विषाणू बनत नाही. परंतु त्याच वेळी पहिले जनुक कार्य करीत असू शकते. ‘वृद्धी होत नाही’ आणि ‘जनुके कार्य करीत नाहीत’ ही दोन विधाने समानार्थी नव्हेत.

याचे अगदी व्यवहारातील उदाहरण पुण्यानेच पुरविले. कोव्हॅक्सिनसाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने रुग्णाच्या नमुन्यापासून वेगळा केला. भारत बायोटेकने तो संवर्धित करून बीटा-प्रोपिओलॅक्टोनने संपूर्ण निष्क्रिय केला. या लसीत जनुकीय आविष्कार अपेक्षितच नाही. शरीरास मिळतात ती तयार प्रथिने. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या कोव्हिशिल्डमध्ये चिंपांझीच्या अ‍ॅडेनोविषाणूतील वृद्धीस आवश्यक असे जनुक काढून टाकून त्यात कोरोनाच्या काटेरी प्रथिनाचे जनुक बसविलेले होते. तो विषाणू वाढू शकत नसे, परंतु बसविलेल्या जनुकाचा आविष्कार पेशीत होत असे व तोच त्या लसीचा हेतू होता. जानेवारी २०२१ मध्ये आपत्कालीन वापराची अनुमती मिळालेल्या या दोन्ही लसींतील विषाणू वृद्धीस असमर्थ होते. जनुकांच्या कार्याबाबत मात्र त्या परस्परांच्या विरुद्ध तत्त्वावर उभ्या होत्या.

पेशीचा प्रतिसाद

जनुके बंद पडलेला विषाणू पेशीच्या दृष्टीने नगण्य ठरतो का? याचे उत्तर १९५७ मध्येच मिळाले. लंडन येथे अ‍ॅलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान यांनी उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील पापुद्र्याच्या तुकड्यांवर घातला. काही तासांनी त्या तुकड्यांभोवतालचा द्रव काढून नव्या तुकड्यांवर घातला असता त्या नव्या तुकड्यांत जिवंत विषाणू वाढू शकला नाही. पेशींनी निष्क्रिय विषाणूस ओळखून एक संरक्षक द्रव्य बाहेर सोडले होते. त्यास त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले. व्याधिक्षमत्वाच्या अभ्यासातील हा महत्त्वाचा शोध निष्क्रिय विषाणूच्या साहाय्याने लागला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे हेही दिसून आले, की काही प्रसंगी निष्क्रिय विषाणू जिवंत विषाणूपेक्षा पेशीस अधिक जागृत करतो. हर्पिस सिम्प्लेक्स व सायटोमेगॅलो या विषाणूंवर अतिनील किरणांचा प्रयोग करून ते पेशींवर घातले असता इंटरफेरॉनशी निगडित अशी पेशीची स्वतःची अनेक जनुके जोमाने कार्यान्वित होतात. जिवंत विषाणूच्या बाबतीत हा प्रतिसाद दबलेला आढळतो. जिवंत विषाणू आत शिरताच आपल्या जनुकांपासून अशी प्रथिने बनवतो, जी पेशीची सूचनायंत्रणा मोडून काढतात. निष्क्रिय विषाणूस ती बनविता येत नाहीत. पेशीस त्याची चाहूल लागते, परंतु पेशीचा प्रतिकार दाबून टाकण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. विषाणूच्या जनुकांचे कार्य थांबल्याने पेशीच्या जनुकांचे कार्य वाढते, असा हा परस्परसंबंध आहे. निष्क्रिय लसीनंतर येणारा अल्पकालीन ज्वर व अंगदुखी ही शरीराच्या अशाच जागृतीची लक्षणे असतात. तो रोग नव्हे, हे रुग्णास सांगताना आता आपणांस कारणही सांगता येईल.

तयार प्रथिनांचे सामर्थ्य दाखविणारे दुसरे उदाहरण सेन्डाई विषाणूचे. जपानमधील ओकादा यांनी या विषाणूमुळे पेशी एकमेकींत विलीन होतात हे दाखविले. अतिनील किरणांनी निष्क्रिय केल्यावरही त्याचा हा गुण टिकतो, कारण तो पृष्ठभागावरील प्रथिनांचा आहे. १९७५ मध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी असा निष्क्रिय सेन्डाई विषाणू वापरून दोन प्रकारच्या पेशी जोडल्या आणि एकजिनसी प्रतिपिंडे बनविण्याची पद्धत सिद्ध केली. पुढे १९८४ चे नोबेल पारितोषिक या कार्यास लाभले.

निष्क्रिय लसीची एक मर्यादाही येथेच स्पष्ट होते. पेशीच्या आत विषाणूचे प्रथिन नव्याने बनत नसल्यामुळे संसर्गग्रस्त पेशी नष्ट करणाऱ्या मारक लसिकापेशींना पुरेसे उद्दीपन मिळत नाही. प्रतिपिंडे मात्र चांगली तयार होतात. म्हणून अशा लसींच्या अनेक मात्रा द्याव्या लागतात आणि बहुतेकींत अ‍ॅल्युमिनियम क्षारासारखे साहाय्यक द्रव्य मिसळावे लागते. आपल्या परिभाषेतील युक्तिकृत बलाशी लसीची तुलना पुष्कळदा केली जाते. ती करावयाची तर हेही सांगितले पाहिजे, की येथे ‘युक्ती’ म्हणजे मात्रा, काल व पुनरावृत्ती यांचा काटेकोर विचार होय.

निष्क्रियीकरण अपुरे पडल्यास

१२ एप्रिल १९५५ रोजी अमेरिकेत साल्क यांची लस सुरक्षित व परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. काही दिवसांतच कॅलिफोर्नियातील कटर लॅबोरेटरीज या उत्पादकाची लस घेतलेल्या बालकांत पक्षाघात दिसू लागला. त्यांच्या काही घाण्यांत जिवंत विषाणू उरलेला होता. सुमारे ४०,००० बालकांना सौम्य पोलिओ झाला, लस घेणारे व त्यांच्या सहवासातील मिळून सुमारे २०० जणांना कमीअधिक पक्षाघात झाला आणि १० जण दगावले.

चूक कोठे होती? फॉर्मालिनमध्ये जिवंत विषाणूंची संख्या कालमानाने एका सरळ रेषेत घटते, या गृहीतावर निष्क्रियीकरणाचा अवधी ठरविलेला होता. प्रत्यक्षात विषाणूंचे पुंजके व पेशींचे अवशेष यांच्या आत दडलेल्या विषाणूंपर्यंत फॉर्मालिन नीट पोहोचत नाही. त्यामुळे ती रेषा शेवटी वाकते आणि थोडे विषाणू उरतात. यानंतर गाळण्याची अतिरिक्त पायरी आणि अधिक कठोर चाचण्या आवश्यक ठरविल्या गेल्या.

आपल्या औषधनिर्मितीतील शोधनाशी येथे तुलना करण्याचा मोह होतो. वत्सनाभ आपण गोमूत्रात वा दुग्धात शोधतो. त्यातील अ‍ॅकोनिटिन या उग्र विषाचे विघटन होऊन तुलनेने सौम्य द्रव्ये बनतात, हे आधुनिक परीक्षणानेही दिसले आहे. द्रव्याचे घातक सामर्थ्य काढून उपयुक्त गुण राखावयाचे, हा हेतू दोन्हीकडे समान आहे. परंतु एक भेद मूलभूत आहे. शोधनानंतर वत्सनाभात उरलेला विषांश जेवढा आहे तेवढाच राहतो, आणि त्याचे अनिष्ट कार्य मात्रेवर अवलंबून असते. उरलेला विषाणू मात्र शरीरात वाढतो. एका शिशीत उरलेले मोजके जिवंत विषाणूही पुरेसे ठरू शकतात. म्हणूनच शोधनातील ‘बव्हंशी’ हा शब्द विषाणूंच्या बाबतीत चालत नाही.

याखेरीज निष्क्रिय झालेला विषाणू पुन्हा सक्रिय होण्याचीही उदाहरणे आहेत. १९३६ मध्ये बेरी व डेड्रिक यांनी सशांत उष्णतेने मारलेला मिक्सोमाचा विषाणू आणि त्याच कुळातील जिवंत फायब्रोमाचा विषाणू एकत्र टोचला असता सशांना मिक्सोमॅटोसिस झाला. उष्णतेने मिक्सोमाची प्रथिने बिघडली होती, डीएनए मात्र शाबूत होते. जिवंत भावंडाच्या एन्झाइमांनी ते मोकळे करून कार्यान्वित केले. १९४७ मध्ये साल्व्हाडोर लुरिया यांनी जिवाणूभक्षक विषाणूंवर दाखविले, की अतिनील किरणांनी निष्क्रिय झालेले अनेक विषाणू एकाच जिवाणूत शिरले तर एकमेकांचे शाबूत भाग मिळून जिवंत संतती निर्माण होऊ शकते. केंद्रकाम्लावर सर्वत्र व पुरेसा आघात होणे किती आवश्यक आहे, हे या दोन प्रयोगांवरून कळते.

निष्क्रियीकरण विपरीत झाल्यास

आघात चुकीच्या जागी झाला तर वेगळाच दोष उत्पन्न होतो. १९६३ ते १९६७ या काळात अमेरिकेत गोवराची फॉर्मालिनने निष्क्रिय केलेली लस वापरली गेली. तिने मिळालेले संरक्षण अल्पकाळ टिकले आणि पुढे खऱ्या गोवराशी संबंध आल्यावर काहींना तीव्र ज्वर, हातापायांपासून सुरू होणारा पुरळ व फुप्फुसदाह अशी अनियमित लक्षणे झाली. १९६६ च्या सुमारास श्वसनमार्गाच्या आरएसव्ही या विषाणूची अशीच लस अर्भकांवर तपासण्यात आली. पुढील संसर्गात लस घेतलेल्या अर्भकांपैकी सुमारे ८० टक्के रुग्णालयात दाखल करावी लागली, तर लस न घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. दोन अर्भके दगावली.

या लसींतील विषाणू जिवंत राहिलेला नव्हता. परंतु ज्या प्रथिनांची ओळख शरीरास व्हावयास हवी होती ती यथार्थ रूपात उरली नव्हती, आणि निर्माण झालेली प्रतिपिंडे विषाणूस चिकटूनही त्यास नीट अडवू शकत नव्हती. अशा लसींचा वापर तेथेच थांबला. जनुकांचे कार्य थांबविणे ही अर्धी कामगिरी, आणि पृष्ठभागाचे रूप टिकविणे ही उरलेली अर्धी होय.

अलर्कविष : भारतीय अनुभव आणि वैद्याचे कर्तव्य

आपल्या देशाशी या विषयाचा सर्वांत जुना संबंध अलर्कविषातून येतो. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे मेंढीच्या मेंदूत वाढविलेला विषाणू फिनॉलने निष्क्रिय करून लस बनविली. पोटात घ्यावयाच्या त्या सुयांची आठवण जुन्या पिढीस आजही आहे. त्या लसीत विषाणू निष्क्रिय असला तरी मेंदूच्या ऊतींचे अंश असत. त्यांविरुद्ध शरीर प्रतिक्रिया करून क्वचित पक्षाघात होई. २००४ च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन थांबले आणि पेशीसंवर्धित लसींनी तिची जागा घेतली.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात अलर्कविषाचे वर्णन असून जलत्रास उत्पन्न झाल्यावर ते अरिष्ट मानले आहे. आजही लक्षणे प्रकट झाल्यावर हा रोग जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक आहे. म्हणून दंशानंतरचे पहिले तास निर्णायक ठरतात. अलर्काच्या विषाणूस मेदावरण आहे. त्यामुळे वाहते पाणी व साबण यांनी जखम पंधरा मिनिटे धुणे म्हणजे जखमेच्या ठिकाणी केलेले विषाणूचे निष्क्रियीकरणच होय. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक लावावे. हळद, मिरची, चुना, तेल यांचे लेप करू नयेत. संहितेत तप्त घृताने दाहकर्म सांगितले असले तरी आज ते करू नये, कारण त्याने ऊतींची हानी होते आणि लसीकरणास विलंब होण्याचा धोका असतो. दंशावर सूक्ष्म ओरखडा वा रक्तस्राव असल्यास रुग्णास तत्काळ लसीसाठी पाठवावे. त्वचेचा भेद झाला असल्यास लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन देणेही आवश्यक असते. लसीतील विषाणूची जनुके पूर्णतः बंद असल्यामुळे गर्भिणी, बालक, वृद्ध वा क्षीणबल रुग्ण यांनाही ती देता येते. कोणत्याही औषधीयोगाने या लसीची जागा घेता येत नाही, हे आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो.

औषधनिर्मात्यांसाठी काही मुद्दे

अर्क वा काढा विषाणूबरोबर मिसळून पेशींवर घातला आणि विषाणूची वाढ घटली, तर त्याची तीन कारणे संभवतात. पहिले, द्रव्याने विषाणूच्या देहावरच आघात केला असेल. दुसरे, द्रव्याने पेशीत शिरून विषाणूच्या जनुकांचे कार्य रोखले असेल. तिसरे, द्रव्याने पेशीच दुर्बल वा मृत झाल्या असतील, आणि मृत पेशीत विषाणू वाढत नाही. हिरडा, बेहडा, डाळिंबाची साल यांसारख्या कषाय द्रव्यांतील टॅनिने अनेक प्रथिनांना सरसकट चिकटतात. परीक्षानळीत विषाणू अडला म्हणजे त्या द्रव्याचा रुग्णशरीरातही तसा उपयोग होईल, असे यावरून सिद्ध होत नाही.

म्हणून अहवाल स्वीकारण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात. त्याच मात्रेत निरोगी पेशी जिवंत राहिल्या का? द्रव्य विषाणूवर आधी घातले, की पेशींवर, की संसर्गानंतर? घट संसर्गक्षमतेने मोजली, की केवळ पीसीआरने? वापरलेली तीव्रता मुखावाटे घेतलेल्या मात्रेने रक्तात येणे शक्य आहे का? विषाणू मेदावरणाचा होता की बिनआवरणाचा? या उत्तरांविना ‘विषाणूनाशक’ हा शब्द वेष्टनावर छापणे शास्त्रदृष्ट्या असमर्थनीय आहे. औषधी व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याचेही भान या संदर्भात ठेवावयास हवे.

ज्यांच्या दुकानात लसीही ठेवल्या जातात त्यांनी शीतकपाटाचे तापमान २ ते ८ अंश राखावे आणि अ‍ॅल्युमिनियम क्षारयुक्त निष्क्रिय लसी कधीही गोठू देऊ नयेत. गोठल्याने क्षाराचे कण एकत्र येतात आणि त्यांवरील प्रथिनांची उपयुक्तता नष्ट होते. अशी लस रोग देणार नाही, परंतु संरक्षणही देणार नाही. बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलेली शिशी त्यामुळे विक्रीस ठेवू नये.

सारांश, निष्क्रिय विषाणूविषयी बोलताना तीन प्रश्न पृथक् ठेवावेत. त्याची वृद्धी थांबली का? त्याच्या जनुकांचे कार्य थांबले का? पेशीस तो अद्याप ओळखता येतो का? उत्तम निष्क्रिय लसीत पहिल्या दोहोंचे उत्तर होय, आणि तिसऱ्याचेही होय असे असते. रुग्णाच्या शंकेस उत्तर देताना, प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना आणि वेष्टनावरील मजकूर संमत करताना आपल्या सभासदांनी हे तीन प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवावा, अशी आमची विनंती आहे.